प्रभारित गोळ्याची स्वयं-ऊर्जा: १/२, ३/५ की ६/५?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गोळ्याची त्रिज्या आणि एकूण प्रभार दिला आहे, प्रभार आत सगळीकडे सारखा पसरलेला आहे, आणि त्याची स्थिरविद्युत स्वयं-ऊर्जा काढायची आहे. विचारणाऱ्याने दोन वाटांनी गणित केलं. विद्युतक्षेत्रातल्या ऊर्जेची बेरीज केली तेव्हा गुणक (ऊर्जेच्या सूत्रात प्रभाराचा वर्ग भागिले त्रिज्या याच्या पुढे येणारा आकडा) १/२ आला, विभव (पोटेन्शियल) गुणिले प्रभार केलं तेव्हा ६/५ आला, आणि पुस्तकात ३/५ छापलाय. वर एक शंका: गोळा एकटा आहे, शेजारी काहीच नाही, मग ही ऊर्जा कुणामुळे?

दिलेल्या गोळ्यासाठी ३/५ बरोबर आहे. पण १/२ आणि ६/५ हे आकडे हवेतून आलेले नाहीत. ती दुसऱ्या कुठल्यातरी प्रश्नांची उत्तरं आहेत आणि ते प्रश्न कोणते हे कळलं की चूकही सापडते. म्हणून नुसतं सूत्र देण्याऐवजी प्रत्येक आकडा कुठून येतो ते सांगते.

आधी शंका. 'एक गोळा' हे आपण दिलेलं नाव झालं. प्रभाराच्या दृष्टीने तिथे असंख्य बारीक तुकडे आहेत आणि ते सगळे एकमेकांना ढकलतायत. ते अनंत अंतरावर विखुरलेले असताना ऊर्जा शून्य धरायची. तिथून एकेक तुकडा आणून गोळा रचायला बाहेरून जेवढं काम करावं लागतं, ती स्वयं-ऊर्जा. प्रभार धन असो की ऋण, तुकडे एकाच जातीचे असल्याने काम करावंच लागतं, म्हणून ही ऊर्जा नेहमी धन. उत्तर ऋण आलं तर पुढे वाचायच्या आधी वही परत उघडा.

दुसरी गोष्ट, 'प्रभारित गोळा' एवढ्या शब्दांवर गुणक ठरत नाही. प्रभार गोळ्यात कुठे बसलाय यावर तो ठरतो. धातूचा गोळा असेल, भरीव असो की पोकळ, तर सगळा प्रभार पृष्ठभागावर जातो आणि गुणक १/२ येतो. विसंवाहक (वीज वाहू न देणारा) गोळा आणि 'एकसमान प्रभार घनता' असे शब्द असतील तर ३/५. परीक्षेत 'भरीव धातूचा गोळा' असं लिहून हमखास फसवतात. 'भरीव' वाचून हात आपोआप ३/५ लिहितो.

खुणा ठरवून घेऊ. प्र म्हणजे एकूण प्रभार, त्र म्हणजे गोळ्याची त्रिज्या, र म्हणजे केंद्रापासूनचं कोणतंही अंतर, ज म्हणजे पातळ थराची जाडी. क हा कूलॉमच्या नियमातला स्थिरांक, साधारण ९×१०⁹ न्यूटन·मीटर² प्रति कूलॉम². गणित सुरू करायच्या आधी मी क·प्र²/त्र हे बाजूला काढून ठेवते. ऊर्जेचं परिमाण असलेली एवढीच एक राशी या प्रश्नात तयार होऊ शकते, त्यामुळे प्रश्न उरतो तो तिच्या पुढच्या आकड्याचा. खाली 'गुणक' म्हणेन तो हाच आकडा.

पहिली वाट थरांची. कांद्यासारखा, आतून बाहेर, थरावर थर चढवत गोळा वाढवायचा. वाढता वाढता त्रिज्या र झाली आहे असं समजा. घनता सारखी असल्याने तोवर जमलेला प्रभार घनफळाच्या प्रमाणात, म्हणजे प्र·र³/त्र³. आता ज जाडीचा पुढचा थर चढवायचा. त्याचा प्रभार ३·प्र·र²·ज/त्र³. हा थर अनंतापासून र पर्यंत आणायचा आहे, आणि तिथलं विभव आधी जमलेल्या प्रभारामुळे क·(प्र·र³/त्र³)/र, म्हणजे क·प्र·र²/त्र³ इतकं आहे. दोन्हींचा गुणाकार केला की या एका थरासाठीचं काम मिळतं:

३·क·प्र²·र⁴·ज/त्र⁶

र शून्यापासून त्र पर्यंत नेत याचं इंटिग्रेशन केलं की र⁴ चं त्र⁵/५ होतं आणि ऊर्जा येते (३/५)·क·प्र²/त्र. इथे वेगळा अर्धा कुठेच लावला नाही, आणि लावायचाही नाही. प्रत्येक थर फक्त त्याच्या आधीच्यांविरुद्ध ढकलला, त्यामुळे प्रत्येक जोडी आपोआप एकदाच मोजली गेली.

या वाटेवर नेहमीची घसरण म्हणजे विभव लिहिताना भाजकात र च्या जागी त्र लिहिणं. 'गोळ्याची त्रिज्या त्र आहे ना' म्हणून हात तिकडे जातो. पण थर चढवताना गोळा अजून र एवढाच आहे. त्र लिहिलं तर बेरीज होते जमलेला प्रभार गुणिले नवा प्रभार भागिले त्र, आणि गुणक येतो १/२. तुम्ही नकळत प्रभाराचा प्रत्येक तुकडा थेट त्र त्रिज्येच्या पृष्ठभागावर नेऊन ठेवलात. ते पोकळ कवचाचं गणित झालं. कवचासाठी ते अगदी बरोबर आहे.

दुसरी वाट क्षेत्राची, तुम्ही घेतली ती. अवकाशात जिथे विद्युतक्षेत्र आहे तिथे ऊर्जा साठलेली आहे असं मानून सगळीकडची बेरीज करायची. दर घनमीटरला एप्सिलॉन-शून्य (निर्वाताचा विद्युत स्थिरांक) गुणिले क्षेत्राचा वर्ग भागिले दोन. थराचं घनफळ ४·पाय·र²·ज असतं (पाय म्हणजे π), आणि ४·पाय·एप्सिलॉन-शून्य म्हणजेच १/क, म्हणून एका थरातली ऊर्जा सुटसुटीत होते: क्षेत्र²·र²·ज/(२क). हे असं लिहून ठेवलं की पाय आणि एप्सिलॉन गणितभर वाहून न्यावे लागत नाहीत.

गोळ्याबाहेर क्षेत्र क·प्र/र² आहे. वर्ग करून थरात घातलं की क·प्र²·ज/(२र²), आणि त्र पासून अनंतापर्यंतची बेरीज क·प्र²/(२त्र). गुणक १/२. तुम्ही इथेच थांबलात. पण गोळ्याच्या आतही क्षेत्र आहे, क·प्र·र/त्र³ इतकं, केंद्रात शून्य आणि पृष्ठभागाकडे सरळ वाढत जाणारं. त्याचा वर्ग घेऊन शून्य ते त्र बेरीज केली की १/१० मिळतो. १/२ अधिक १/१० म्हणजे ६/१०, अर्थात ३/५.

म्हणजे एकसमान गोळ्याच्या एकूण ऊर्जेचा सहावा भाग आत आहे आणि पाच भाग बाहेर. हे पाठ करण्यासारखं नाही, पण समजून घेण्यासारखं आहे: कवच आणि भरीव गोळा यांच्या बाहेरचं क्षेत्र तंतोतंत सारखं, त्यामुळे बाहेरचा १/२ दोघांनाही मिळतो. फरक फक्त आतला. कवचाच्या आत क्षेत्रच नाही, म्हणून त्याचं गणित १/२ वर संपतं. तुमच्या वहीतलं १/२ हे कवचाचं उत्तर आहे, मगाशी त्र ची गफलत केल्यावर आलं होतं तेच, फक्त दुसऱ्या दाराने.

याच वाटेवर उलटी चूक करणारेही असतात: बाहेरचं क·प्र/र² हे क्षेत्र थेट केंद्रापर्यंत ओढत नेतात. मग इंटिग्रेशन शून्यापाशी अनंत होतं. अनंत आलं की समजायचं, गोळ्याच्या जागी नकळत बिंदुप्रभार ठेवलाय.

तिसरी वाट विभवाची. पूर्ण तयार झालेल्या गोळ्यात प्रत्येक तुकड्याचा प्रभार गुणिले तिथलं विभव, या सगळ्याची बेरीज, आणि तिचा अर्धा. अर्धा का, ते तुमच्या ६/५ चं मूळ आहे. तयार गोळ्यातल्या एका तुकड्यापाशी जे विभव आहे ते बाकीच्या सगळ्या तुकड्यांमुळे आहे. पहिल्या तुकड्याचा हिशेब करताना पहिला-दुसरा ही जोडी मोजली, दुसऱ्याचा करताना तीच जोडी परत मोजली. दहा माणसांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं आणि प्रत्येकाला 'किती केलीस' विचारून बेरीज केली तर ९० येतात. हस्तांदोलनं ४५च झालेली असतात.

गोळ्याच्या आतलं विभव क·प्र·(३त्र² − र²)/(२त्र³). केंद्रात हे क·प्र/त्र च्या दीडपट, पृष्ठभागावर एकपट. सरासरी काढायची ती घनफळावर. र² ची अशी सरासरी (३/५)·त्र² येते. ती घातली की विभवाची सरासरी (६/५)·क·प्र/त्र. गुणिले प्र, भागिले दोन, झालं ३/५.

इथे तपासणीची एक सोपी सोय आहे. सरासरी विभव पृष्ठभागाच्या १ आणि केंद्राच्या ३/२ यांच्या मध्येच असणार, म्हणून ऊर्जेचा गुणक १/२ आणि ३/४ यांच्या मध्येच असणार. एकही इंटिग्रेशन न करता ६/५ बाद होतो. वहीत ३/४ आलं असेल तर बहुधा आतल्या विभवासाठी बाहेरचं क·प्र/र वापरलंय. करून बघा, बरोबर ३/४ येतं. उणे ३/२० आलं असेल तर आतल्या क्षेत्राचं इंटिग्रेशन केंद्रापासून सुरू केलंय आणि विभव केंद्रात शून्य धरलंय. शून्य अनंतावर ठेवायचं हे इथे शिष्टाचार म्हणून नाही. रचनेचं काम अनंतापासून मोजतोय, म्हणून विभवही तिथूनच मोजायला हवं.

आणि ६/५ कोणत्या प्रश्नाचं उत्तर? तेवढाच प्रभार आणि तेवढीच त्रिज्या असलेले दोन गोळे एकमेकांत पूर्ण मिसळून ठेवले अशी कल्पना करा. पहिल्याच्या विभवात दुसरा ठेवताना होणारी परस्पर ऊर्जा ६/५ येते. पडताळा लगेच मिळतो: दोघांच्या स्वतःच्या ३/५ आणि ३/५, परस्परांची ६/५, एकूण १२/५. दुप्पट प्रभाराच्या एका गोळ्याची ऊर्जा चौपट, म्हणजे ४ × ३/५, तीही १२/५च. स्वयं-ऊर्जेत अर्धा येतो, दोन वेगळ्या वस्तूंच्या परस्पर ऊर्जेत येत नाही, हा नियम इथून लक्षात राहतो.

क्षेत्राच्या वाटेबद्दल एक सूक्ष्म गोष्ट, कारण ती पुढे इलेक्ट्रोडायनॅमिक्सच्या पेपरात टोचते. क्षेत्राच्या वर्गाची बेरीज ही पूर्ण अवकाशावरच करायची असते. फक्त गोळ्याच्या घनफळावर थांबायचं असेल तर त्या सीमेवरचं एक पद वाढतं: विभव गुणिले क्षेत्र गुणिले पृष्ठभाग, त्याला एप्सिलॉन-शून्याचा अर्धा. गोळ्याच्या पृष्ठभागावर हे पद बरोबर १/२ येतं आणि आतल्या १/१० ला मिळून ३/५ होतं. सीमा अनंताला नेली की विभव १/र ने, क्षेत्र १/र² ने घटतं, क्षेत्रफळ र² ने वाढतं, म्हणून ते पद विरून जातं. पुस्तकं ते गाळतात ते यामुळे.

इंटिग्रेशनवर भरवसा बसत नसेल तर एक्सेलमध्ये करून बघा. त्र, प्र, क तिन्ही १ धरा, गोळ्याचे दहा थर करा, प्रत्येक थरासाठी ३·र⁴ गुणिले ०.१ काढून बेरीज घ्या. र म्हणून थराच्या मधली त्रिज्या घेतली, म्हणजे ०.०५, ०.१५ असं ०.९५ पर्यंत, तर बेरीज ०.५९५० येते. बाहेरची कड घेतली, म्हणजे ०.१ ते १, तर ०.७६० येते, जी चक्क २७ टक्के जास्त आहे. र⁴ इतका वेगाने चढतो की बाहेरचे दोन-तीन थरच निम्म्याहून जास्त ऊर्जा नेतात, त्यामुळे कड कुठली घेतली याने फार फरक पडतो. शंभर थर केल्यावर मध्यबिंदूचं उत्तर ०.५९९९५ वर जातं.

घनता सारखी नसली तर? थरांचीच वाट वापरा, ती सगळ्यात कमी त्रास देते. घनता र च्या म-व्या घाताप्रमाणे बदलत असेल तर जमलेला प्रभार र च्या (म+३) घाताने वाढतो आणि गुणक येतो (म+३)/(२म+५). म शून्य ठेवलं की ३/५. म एक, म्हणजे बाहेरच्या बाजूला दाट, तर ४/७. म खूप मोठं केलं की प्रभार जवळजवळ सगळा पृष्ठभागाला चिकटतो आणि गुणक १/२ कडे सरकतो. त्याखाली तो कधीच जात नाही. दिलेल्या गोळ्यात प्रभाराची सगळ्यात कमी ऊर्जेची मांडणी पृष्ठभागावरचीच आहे, आणि मोकळीक मिळाली की धातूतला प्रभार तिथेच जाऊन बसतो तो यामुळेच. उलट दिशेला म उणे दोन केलं तर गुणक १ होतो, आणि उणे अडीचला पोचलात की ऊर्जा अनंत, जरी एकूण प्रभार मर्यादितच असला तरी.

आत पोकळी असलेला जाड कवचाचा प्रश्न विद्यापीठाच्या पेपरात येतो. आतली त्रिज्या अ, बाहेरची ब. जमलेला प्रभार प्र·(र³−अ³)/(ब³−अ³), विभव तो भागिले र, आणि बेरीज अ पासून ब पर्यंत. उत्तर:

३·क·प्र²/(ब³−अ³)² × [(ब⁵−अ⁵)/५ − अ³·(ब²−अ²)/२]

अ शून्य केल्यावर ३/५ परत यायला हवा, पण कंसातलं दुसरं पद विसरलं तरी तो येतोच; म्हणून अ ला ब च्या अगदी जवळ नेऊन कवचाचा १/२ येतो का तेही बघा.

गोळा ज्या पदार्थाचा आहे त्याचा परावैद्युत स्थिरांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) दिला असेल, समजा प, तर प्रभार दिलेला असल्याने आतली ऊर्जा प ने भागली जाते आणि बाहेरची तशीच राहते. गुणक १/२ + १/(१०प). प पाच असेल तर ०.५२. ज्या प्रश्नात या स्थिरांकाचा उल्लेख नाही तिथे तो एक धरायचा, उगाच घालायचा नाही.

सूत्रांच्या रूपाबद्दल एक खुलासा, कारण यावरून गोंधळ झालेला वारंवार दिसतो. एसआय पद्धतीत क उघडून लिहिला की ३/५ चं ३/२० होतं, पाय आणि एप्सिलॉन-शून्यासह: ३·प्र²/(२०·पाय·एप्सिलॉन-शून्य·त्र). तो वेगळा निकाल नाही; ५ ला ४ ने गुणलंय एवढंच. जुन्या सीजीएस पुस्तकांत क एक असतो म्हणून नुसतं ३प्र²/५त्र दिसतं. त्यात कूलॉम घालू नका.

आता आकडे. १० सेंटिमीटर त्रिज्येचा धातूचा गोळा, त्यावर १ मायक्रोकूलॉम. ऊर्जा क·प्र²/(२त्र) = ९×१०⁹ × १०⁻¹² / ०.२ = ०.०४५ ज्यूल. इथे चूक होते ती मायक्रोचा वर्ग करायला विसरण्याची. मग ४५ हजार ज्यूल येतात आणि कुणाला संशयही येत नाही. संशय यायला हवा. गोळ्यावर किती प्रभार मावेल याला हवेचीच मर्यादा आहे: पृष्ठभागावरचं क्षेत्र मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट झालं की हवा फुटते आणि ठिणगी पडते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या व्हॅन डी ग्राफ जनित्राचा घुमट १५ सेंटिमीटर त्रिज्येचा धरला तर आदर्श स्थितीतही तो ४.५ लाख व्होल्टला अडतो. तेव्हा प्रभार ७.५ मायक्रोकूलॉम आणि ऊर्जा जेमतेम १.७ ज्यूल, म्हणजे १७० ग्रॅमची वस्तू मीटरभर उचलण्याइतकी. प्रत्यक्षात धूळ, दमट हवा आणि घुमटाच्या कडा यांमुळे त्याच्याही बऱ्याच खाली राहतो. पावसाळ्यात तर विचारूच नका.

विसंवाहकाचा गोळा घासून प्रभारित केला तर प्रभार बहुतेक पृष्ठभागावरच राहतो, त्यामुळे रोजच्या वस्तूंत ३/५ क्वचितच भेटतो. तो खरा कामाला येतो अणुकेंद्रकात. केंद्रकातले प्रोटॉन साधारण सारख्या घनतेने पसरलेले असतात, आणि त्रिज्या १.२ फेम्टोमीटर (१०⁻¹⁵ मीटर) गुणिले वस्तुमानांकाचं, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या एकूण संख्येचं, घनमूळ अशी धरता येते. एका प्रोटॉनच्या प्रभाराच्या वर्गाला क ने गुणलं की १.४४ एमईव्ही·फेम्टोमीटर (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट), हा आकडा लक्षात ठेवा, कूलॉम आणि मीटर यांच्या शून्यांपासून सुटका होते. ०.६ × १.४४ / १.२ = ०.७२ एमईव्ही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वाइझसॅकरने १९३५ मध्ये मांडलेल्या केंद्रकाच्या बंधन-ऊर्जेच्या सूत्रात कूलॉम पदाचा गुणांक ०.७१ च्या आसपास दिला जातो. तो मोजलेल्या वस्तुमानांवरून बसवलेला असतो, तरी आपल्या ३/५ शी इतका जुळतो.

युरेनियम-२३५ घ्या. प्रोटॉन ९२, २३५ चं घनमूळ ६.१७. ०.७२ × ९२² / ६.१७ म्हणजे सुमारे ९८८ एमईव्ही. आता केंद्रक दोन सारख्या गोळ्यांत फुटलं असं धरा. प्रत्येकाचा प्रभार निम्मा, त्रिज्या १.२६ ने भागलेली. दोघांची मिळून कूलॉम ऊर्जा मूळच्या ०.६३ पट, म्हणजे ३६५ एमईव्ही मोकळे झाले. पण पृष्ठभाग वाढला; त्याच सूत्रातलं पृष्ठीय पद १७.८ एमईव्ही गुणिले वस्तुमानांकाचा दोन-तृतीयांश घात, म्हणजे ६७८, आणि त्यात २६ टक्के वाढ, १७६ एमईव्ही. वजाबाकी केल्यावर उरले सुमारे १९० एमईव्ही. एका विखंडनातून २०० एमईव्हीच्या घरात ऊर्जा सुटते, हे १९३८च्या डिसेंबरात लिझे माइटनर आणि ऑटो फ्रिश या भौतिकशास्त्रज्ञांनी काढलं होतं. बारावीच्या गणितात आपण त्याच्या इतक्या जवळ पोचतो. विखंडनाच्या ऊर्जेचं मूळ प्रोटॉनांच्या एकमेकांना ढकलण्यात आहे, हेही यातून दिसतं.

इथे जाणकार हटकतील: प्रोटॉनसंख्येचा वर्ग घ्यायचा, की संख्या गुणिले संख्येहून एक कमी? सलग पसरलेल्या प्रभाराला वर्गच बरोबर. पण प्रोटॉन सुटे आहेत, आणि प्रोटॉनची स्वतःची अंतर्गत ऊर्जा त्याच्या वस्तुमानात आधीच मोजलेली आहे, ती परत घ्यायची नाही. म्हणून फक्त जोड्या. युरेनियमला ९२ × ९१ घेतलं तर ९८८ ऐवजी ९७७ येतात, टक्काभर फरक. हलक्या केंद्रकांत तो फरक मोठा होतो. हायड्रोजनमध्ये एकच प्रोटॉन, जोडी शून्य, ऊर्जा शून्य यायला हवी. वर्ग घेतलात तर येत नाही.

याची मोजमापाने पारख करता येते. ऑक्सिजन-१५ आणि नायट्रोजन-१५ ही दर्पण-केंद्रकं: एकात ८ प्रोटॉन ७ न्यूट्रॉन, दुसऱ्यात उलट. केंद्रकीय बल प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये जवळजवळ भेद करत नाही, म्हणून त्यांच्या ऊर्जेतला फरक मुख्यतः कूलॉमचा. ऑक्सिजन-१५ मधून सुटणाऱ्या पॉझिट्रॉनची (धन प्रभाराच्या इलेक्ट्रॉनची) कमाल ऊर्जा १.७३२ एमईव्ही. त्यात इलेक्ट्रॉनच्या दोन वस्तुमानांचे १.०२२ मिळवा, आणि न्यूट्रॉन हायड्रोजन अणूपेक्षा ०.७८२ ने जड असल्याने तेही मिळवा. बेरीज ३.५४ एमईव्ही. गणिताच्या बाजूला ०.६ × १.४४ × (८×७ − ७×६) भागिले त्रिज्या, म्हणजे १२.१ भागिले त्रिज्या. त्रिज्या आली ३.४२ फेम्टोमीटर. वर्ग घेतले असते तर कंसात १४ च्या जागी १५ येऊन त्रिज्या ३.६७ झाली असती. इलेक्ट्रॉन विखुरण्याच्या प्रयोगांतून नायट्रोजन-१५ ची वर्गमध्य त्रिज्या (केंद्रापासूनच्या अंतरांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) २.६ फेम्टोमीटरच्या आसपास मिळते. एकसमान गोळ्याच्या त्रिज्येत बदलण्यासाठी तिला ५/३ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.२९ ने गुणायचं. ३.४ च्या जवळ. जोड्या मोजणाराच बरोबर ठरतो. मात्र खऱ्या केंद्रकाची कड धारदार नसते, त्यामुळे दुसऱ्या दशांशावर वाद घालत बसू नये.

शेवटी तुमच्या प्रश्नात नसलेला पण मागोमाग येणारा प्रश्न: मग इलेक्ट्रॉनची स्वयं-ऊर्जा किती? त्याला गोळा मानून ऊर्जा त्याच्या ०.५११ एमईव्ही वस्तुमानाएवढी धरली, तर एकसमान गोळ्यासाठी त्रिज्या १.६९ फेम्टोमीटर येते आणि कवचासाठी १.४१. पुस्तकात मात्र 'अभिजात इलेक्ट्रॉन त्रिज्या' २.८२ फेम्टोमीटर छापलेली दिसते. तिथे गुणक सरळ १ धरलाय, कारण इलेक्ट्रॉनमध्ये प्रभार कसा पसरलाय हे सांगणारी मांडणीच आपल्या हाती नाही, आणि आजवरच्या प्रयोगांना त्याच्या आत कुठली रचना सापडलेलीही नाही. त्या २.८२ मधून ३/५ काढून दाखवा असं कुणी म्हणालं, तर आधी प्रभाराची घनता मागा.